काय जवळ ठेवायचे

सोमवार, २ सप्टेंबर

आजपासून लिहून ठेवायचे ठरवले आहे. डोक्यात ठेवलेली गोष्ट माझ्या बाबतीत गोल गोल फिरत राहते. कागदावर आली की निदान एका जागी थांबते.

मालक आज तीन जिने चढून माझ्या खोलीत आले. चार वर्षांत ही त्यांची दुसरी खेप. आमच्याकडे कृत्रिम पाय बनतात. खाली मापाची खोली आहे, कोरकामाचे यंत्र आहे, आणि माणसे दोन दांड्यांना धरून चालायला शिकतात तो लांब हॉल आहे. वर मी आणि सर्व्हर. सर्व्हर म्हणजे ज्यात प्रत्येक रुग्णाची मापे, पत्रे, चिठ्ठ्या साठवलेल्या असतात तो मोठा संगणक. त्याला गारवा लागतो म्हणून खोली एकोणीस अंशांवर असते आणि मी बाराही महिने स्वेटर घालतो.

मालक दारातच उभे राहिले. म्हणाले, "हे धूड सात वर्षांचं झालं. याचे सुटे भाग मिळणं बंद झालंय म्हणे. आता नवीन घ्यायचं, का सगळं क्लाउडवर टाकायचं, का अर्धं इथं अर्धं तिथं? तू लिहून दे मला. महिनाअखेर."

"मी?"

"मग कोण? मला यातलं ओ की ठो कळत नाही. सल्लागार बोलावलाय, पण तो विकायला येणार. तू काही विकत नाहीस."

माझा डिप्लोमा दुसऱ्या वर्षातच सुटला, हे त्यांना माहीत आहे. तरी सांगितले. ते म्हणाले, "डिप्लोमा कुठे मागतोय, कागद मागतोय."

बुधवार, ४ सप्टेंबर

सल्लागार आला होता. माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठा असेल, पण बोलताना एकदाही अडखळला नाही. त्याने फळ्यावर तीन चौकोन काढले. पहिला, सगळे इथेच. दुसरा, सगळे क्लाउडवर, म्हणजे एखाद्या मोठ्या कंपनीच्या यंत्रांवर भाड्याने. तिसरा, दोन्ही. क्षणोक्षणी लागते ते जवळ, बाकीचे दूर. याला तो हायब्रिड म्हणाला.

तिसऱ्या चौकोनावर त्याने फार वेळ घालवला नाही. "हे मधलं लोक भीतीपोटी घेतात," तो म्हणाला. "सगळं वर टाका. ही खोली मोकळी होईल. विजेचं, गारव्याचं, माणसाचं, काही बघायला नको."

माणसाचं म्हणताना तो माझ्याकडे बघत नव्हता. मालकांकडे बघत होता. जाताना मात्र माझ्या खांद्यावर हात ठेवून "चला मित्रा" म्हणाला.

मला तिसरा चौकोन पटला. पण तो बरोबर आहे म्हणून पटला, की त्यात 'इथे' हा शब्द आहे म्हणून, ते नक्की सांगता येत नाही. ही शंका इथेच लिहून ठेवतो. अहवालात ती घालता येणार नाही.

रविवार, ८ सप्टेंबर

काल संध्याकाळी सहापासून आत्तापर्यंत मी एकूण चौदा शब्द बोललो. आठ दुकानदाराशी, सहा दूधवाल्याशी. मग ताईचा फोन आला आणि हिशेब बिघडला.

ताई म्हणाली, "येऊन राहा की चार दिवस. तुझे भावजी पण म्हणत होते."

"काम आहे. अहवाल लिहायचाय."

"कसला?"

मी क्लाउड समजावून सांगितले. ती पंधरा मिनिटे 'हं हं' करत होती. शेवटी म्हणाली, "म्हणजे सगळं तिकडे गेलं तर तू काय करायचंस?"

मी म्हणालो, तो अहवालाचा विषय नाही.

गुरुवार, १२ सप्टेंबर

विभागवार यादी सुरू केली. कोण कोणत्या फायली किती वेळा उघडते, ते यंत्राच्या नोंदीवरून काढतो आहे. कोणाला विचारावे लागत नाही, हे त्यातले चांगले.

दुपारी मापबाईंचा फोन. त्या रुग्णांची मापे घेतात. तीस वर्षे इथे आहेत. निवृत्तीचे वय होऊन गेले, मालकांनी दोनदा मुदत वाढवून दिली. मला त्या 'तारवाल्या' म्हणतात.

"तारवाल्या, खाली ये. स्कॅनर रुसलाय."

मी गेलो. स्कॅनर पायाभोवती फिरवायचा असतो, तो पायाचा आकार संगणकात उतरवतो. चालू केला, चालला. मी तसे सांगितले.

"तू आल्यावर चालतो मेला. थांब, खात्री करू. पँट वर कर."

त्यांनी माझा पाय मापला. पडद्यावर माझी पोटरी आली, राखाडी रंगाची. म्हणाल्या, "केवढीशी ही. जेवतोस की नुसता त्या खोलीत थिजतोस?" मग चहा मागवला. चहा होईपर्यंत बसावे लागले. मी म्हटले, तुमच्या फायली जवळ ठेवू की वर पाठवू?

"वर म्हणजे कुठे?"

"वर म्हणजे आकाशात नाही. दुसऱ्या कोणाच्या तरी इमारतीत."

"मग तसं म्हण की, दुसऱ्याच्या घरी. काय ठेवायचं नि काय पाठवायचं, ते मला विचारून कर हो. मी एकेक माप हातानं घेतलंय."

अर्धा तास गेला. तक्रारवहीत लिहिले: स्कॅनर, दोष आढळला नाही. या महिन्यातली ही सहावी वेळ. बाईंना स्कॅनरचे पुन्हा प्रशिक्षण द्यावे, अशी सूचना अहवालात घालणार आहे.

मंगळवार, १७ सप्टेंबर

आजचा दिवस फार चांगला गेला. मापांच्या फायलींमध्ये एक गोष्ट सापडली. एका रुग्णाच्या नावावर दोन-दोन फायली आहेत. क्रमांक तोच, फक्त शेवटी एक आणि दोन. आकार अगदी शेवटच्या बाइटपर्यंत सारखा. दुसरी पहिलीनंतर मिनिटभराने बनलेली. अशा एक हजार नऊशे त्रेचाळीस जोड्या. म्हणजे इतकी वर्षे प्रत्येक माप दोनदा साठवले जाते आहे. सवय, दुसरे काय.

विचारायला खाली जावे असे एकदा मनात आले होते. जिन्यापर्यंत गेलोही. पण गेलो की चहा येतो, आणि मग काय बोलायचे ते मला सुचत नाही. आकडे पुरेसे स्पष्ट होते.

मूळ ती पहिली, म्हणून पहिली जवळ ठेवली. दुसरी दूरच्या साठ्यात पाठवली. तिथून काही परत मागवले तर बारा तास लागतात, पण त्या कोण मागवणार? एकच फाइल उरल्यावर शेवटचा आकडा कशाला, म्हणून तोही काढून टाकला. यादी इतकी स्वच्छ दिसत होती की मी ती दोनदा वर-खाली करून पाहिली.

मालकांना फोन करून सांगितले की उद्यापासून आठवडाभर अर्धे इथे, अर्धे तिथे असे चालवून बघू.

शुक्रवार, २० सप्टेंबर

तीन दिवस सुरळीत. काल दुपारी दोन तास इंटरनेट बंद होते, तरी कोरकाम थांबले नाही, कारण यंत्राला लागणाऱ्या फायली इथेच होत्या. हा मुद्दा सल्लागाराच्या दुसऱ्या चौकोनाला पुरून उरेल.

एक गोष्ट मात्र मोजल्यावर लक्षात आली. जवळ ठेवण्यासारखे म्हणून जे उरते, ते सगळे एका लहान डब्यात मावते. बुटांच्या खोक्याएवढा डबा, कोरकामाच्या यंत्राशेजारी ठेवता येईल असा. त्याला गारवा लागत नाही. त्याला खोलीही लागत नाही.

तीनदा मोजले. तेच उत्तर येते.

मंगळवार, २४ सप्टेंबर

आज झाले ते क्रमाने लिहितो.

सकाळी एक निवृत्त टपालवाले काका पाय न्यायला आले होते. सहा तासांचा प्रवास करून. उजवा पाय गुडघ्याखाली नाही. आम्ही लोखंडी दांड्यावर पोटरीच्या आकाराचे मऊ आवरण चढवतो, म्हणजे पँटमधून खरा पाय वाटतो. ते चढवून काका दांड्यांमध्ये उभे राहिले आणि खाली बघत राहिले.

"काय हो," ते म्हणाले, "मला दोन डावे पाय दिलेत की. आता मी सरळ निघालो तरी गोल फिरून घरीच येणार."

हॉलमधले सगळे हसले. मापबाई हसल्या नाहीत. त्या खाली वाकल्या आणि आवरणावरून हात फिरवला. आतला घोटा वर असतो आणि बाहेरचा खाली. इथे उलटे होते.

मला खाली बोलावले तोपर्यंत त्यांनी संगणक उघडला होता. तेव्हा कळले. रुग्णाचा जो पाय शाबूत असतो त्याचे माप घ्यायचे, ती पहिली फाइल. मग तोच आकार आरशात दिसतो तसा उलटवायचा, ती दुसरी. बनवायचा पाय तो हा. मी आकडाच काढून टाकल्यामुळे यंत्राने पहिलीच कोरली. दोन्ही फायलींचा आकार सारखाच असणार, कारण तोच पाय आहे. फक्त दुसऱ्या बाजूचा.

मी एक हजार नऊशे त्रेचाळीस माणसांचा नसलेला पाय दूर पाठवून दिला होता.

मालक आले. "कसं झालं हे?"

मी तोंड उघडले होते. बाई म्हणाल्या, "माझ्याकडून झालं. घाईत उलटवायचं राहिलं."

मालक त्यांच्याकडे बघत राहिले. मग निघून गेले. मी उभाच होतो.

बाई हळूच म्हणाल्या, "मिटव ते तोंड. मला काय करणार आहेत ते? तुला काढतील. काकांची फाइल मी आत्ता उलटवते, बाकीच्या परत मागव, आल्या की एकेक तपासते. तू फक्त आकडे परत लाव."

काकांचे आवरण दुपारी नवे कोरून झाले. मी काहीच बोललो नाही. बोलायला वेळ होता.

बुधवार, २५ सप्टेंबर

या सात दिवसांत जुन्या मापांवरून तीन आवरणे कोरली गेली. एक काकांचे. एक फळीवर सापडले. तिसरे गुरुवारी एक बाई घेऊन गेल्या. एकट्या आल्या होत्या, एकट्या गेल्या. बस स्टँडजवळच्या दुकानात शिवणकाम करतात असे कागदावर आहे. त्यांची काही तक्रार आलेली नाही. मापबाईंनी दोनदा फोन लावला, उचलला नाही.

सहा दिवस चुकीचा पाय घालून कोणी गप्प कसे बसेल, मला कळत नाही. म्हणजे, कळते. मीही फोन केला नसता.

गुरुवार, २६ सप्टेंबर

सल्लागार परत आला होता. त्याला सगळे समजले होते. म्हणाला, "बघा, मी म्हणत होतो. हाताने काम आलं की हे आलं. मापंसुद्धा आपोआप उलटतील अशी सोय आहे आमच्याकडे. सगळं वर द्या आणि मोकळे व्हा."

तो गेल्यावर मालक खिडकीकडे तोंड करून म्हणाले, "बाईंचं आता वय झालं. या महिन्याअखेर त्यांना मोकळं करतो. आणखी मुदत नको."

मी म्हटले, "त्यांचं—"

"काय?"

"काही नाही."

खोलीत येऊन दार लावले. पंख्यांचा आवाज आज फार मोठा वाटत होता.

रविवार, २९ सप्टेंबर

अहवाल चौथ्यांदा लिहिला. पहिल्या तीन वेळा पाचव्या कलमाशी येऊन थांबलो. पाचवे कलम चुकांचे आहे. 'चाचणीत एक त्रुटी आढळली' असे लिहिले, त्यात काही खोटे नाही. 'मानवी त्रुटी' लिहिले, त्यातही नाही. शुद्धलेखन दोनदा तपासले. सगळे बरोबर होते आणि वाचवत नव्हते.

ताईचा फोन आला. मी म्हटले, "ताई, मी एक गोष्ट केली." मग तिला सगळे सांगितले. तिने गॅस बंद केल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "त्या बाई तुझ्या कोण?"

"कोणी नाही. मापबाई आहेत."

"कोणी नाही, आणि तुझ्यासाठी नोकरी घालवायला निघाल्यात?"

मी म्हटले, त्या मला सारख्या खोट्या तक्रारी करून खाली बोलावतात, त्यांना स्कॅनर नीट येत नाही. ताई म्हणाली, "तीस वर्षं मापं घेणाऱ्या बाईला स्कॅनर येत नाही होय रे?" आणि हसली. हसण्यासारखे काय होते ते तिने सांगितले नाही.

सोमवार, ३० सप्टेंबर

अकरा वाजता अहवाल दिला. मालकांनी माझ्यासमोरच वाचला. अर्धे इथे, अर्धे तिथे, ही शिफारस. जवळ ठेवायला एक लहान डबा. तिसऱ्या मजल्याची खोली बंद करावी. पाचव्या कलमाशी आले तेव्हा त्यांचे बोट थांबले.

"दोन डावे पाय तुझे?"

"हो."

"आणि बाई?"

"त्यांनी माझ्यासाठी सांगितलं. त्यांचं काही चुकलं नव्हतं. मी त्यांना विचारलं असतं तर झालंच नसतं."

"हे तू मला आठ दिवसांनी सांगतोयस."

"सहा."

त्यांनी वर बघितले. मी नजर खाली घातली. आकडा चुकीचा राहू देणे मला जमत नाही.

"इथं लिहिलंयस, फाइल हलवण्याआधी ती बनवणाऱ्या माणसाला समोर जाऊन विचारावे. रोज. हे कोण करणार?"

"कोणीतरी नेमावं लागेल. ज्याला फायली कळतात आणि जो खाली माणसांत बसेल."

"असा कोणी आहे?"

"शोधावा लागेल."

मालक बराच वेळ चष्मा पुसत होते. मग म्हणाले, "बाई जात नाहीत कुठे. त्यांना मी सांगतो. आणि त्या शिवणकामवाल्या बाईंना फोन तू करायचा. उचलेपर्यंत करायचा."

माझ्याबद्दल काही बोलले नाहीत. मीही विचारले नाही. नोकरीसाठी दोन अर्ज लिहून ठेवले आहेत.

मंगळवार, १ ऑक्टोबर

सकाळी सुतार आला. मापाच्या खोलीत कोपऱ्यात टेबल घालायचे आहे म्हणाला. डब्याला एवढे मोठे टेबल कशाला, हे मला समजले नाही. त्याने मला खुर्चीवर बसवले आणि जमिनीपासून माझ्या गुडघ्याची उंची मोजली. का, असे विचारले तर म्हणाला, बाईंनी सांगितलंय. बाई माझ्याकडे पाठ करून परत आलेल्या फायली तपासत होत्या. माझ्याशी दोन दिवसांत त्या एवढेच बोलल्या आहेत: "शहाणाच आहेस." चांगल्या अर्थाने की वाईट, ते आवाजावरून ठरवता आले नाही.

मग फोन. काय बोलायचे ते कागदावर लिहून घेतले होते, पाच वाक्ये. अकराव्यांदा घंटी वाजल्यावर उचलला.

"नमस्कार, मी पायांच्या कारखान्यातून बोलतोय. आपल्या पायाच्या आवरणाबद्दल—"

"छान आहे," त्या घाईने म्हणाल्या. "माझी काही तक्रार नाही."

हे कागदावर नव्हते. मी म्हणालो, "तक्रार असायला हवी."

पलीकडे शिलाई यंत्र चालू होते, ते थांबले.

"ते चुकीच्या बाजूचं आहे," मी म्हणालो. "तुमच्या डाव्या पायासारखं कोरलं गेलंय. उजव्यासारखं हवं होतं."

मला वाटले फोन कट झाला.

"म्हणजे मी वाकडी चालत नव्हते?"

"नाही."

"बारा दिवस झाले. दार लावून आरशासमोर चालून बघतेय. पाय आत वळवून, बाहेर वळवून. कंबर धरली पार. दुकानात उभं राहवत नाही."

"तुम्ही फोन का नाही केला?"

"कुणाला करायचा? तुम्ही लोक एवढं मोजून मापून करता. मला वाटलं, माझंच काहीतरी चुकतंय."

कागदावर 'आमच्याकडून चूक झाली' असे होते. मी ते वाचायला लागलो आणि म्हणालो, "चूक माझी आहे. माझ्या एकट्याची."

"तुम्ही कोण?"

सिस्टीमवाला म्हणायचे होते, पण ती जागा मी कालच स्वतःच्या हाताने बंद केली आहे. म्हणालो, "मी फायली सांभाळतो. तुमची माझ्याकडे होती."

त्या हसल्या का उसासा टाकला, कळले नाही. "उद्या आले तर दुरुस्त होईल?"

"होईल. लगेच."

"आल्यावर कुणाला भेटू?"

"मला," मी म्हणालो. "मापाच्या खोलीत या. मी खाली असेन."

त्यांची बस दहा वीसला पोहोचते. लिहून घेतले.